पेटीमागच्या बाई



स्मरणिका समितीने मला इतिहासावर लिहायला सांगितलं. शिवकाल किंवा स्वातंत्र्यलढा अपेक्षित असणार. पण निवृत्तीनंतर मला जॅझ ऐकायचा नाद लागला आहे, म्हणून एका अमेरिकन पियानोवादक बाईंची हकीकत सांगतो. आपल्या शाळेशी तिचा संबंध शेवटी येईल.

मेरी लू विल्यम्स यांचा जन्म ८ मे १९१० रोजी अटलांटा शहरात, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आई घरी पायपेटी वाजवायची. तिच्या मांडीवर बसून ऐकलेली सुरावट या चिमुरडीने तिथल्या तिथे वाजवून दाखवली, असं सांगतात. शिकवणी लावली तर पोर फक्त कागदावर लिहिलेलंच वाजवेल, या भीतीने आईने तिला शिक्षक ठेवला नाही. पुढे कुटुंब पिट्सबर्गला आलं आणि शाळकरी वयातच ती लोकांच्या घरी, समारंभांत वाजवू लागली.

१९३०च्या दशकात कॅन्सस सिटीत अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात त्या पियानो वाजवत. कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं, याची मांडणीही त्याच लिहून देत. हे लेखन त्या काम करता करताच शिकल्या. बेनी गुडमनसारख्या नामवंताच्या वाद्यवृंदासाठीही त्यांनी रचना केल्या. १९४५ मध्ये त्यांनी बारा राशींवर बारा रचनांची मालिका बांधली. त्या वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ती सादर झाली.

मला मात्र त्यांचं हार्लेममधलं घर जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्रीचे कार्यक्रम आटोपले की तरुण वादक त्यांच्याकडे जमत. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी यांची तिथे ऊठबस असे. कोणी नवी रचना वाजवून दाखवी, बाई ऐकत, सुचवत, स्वतः वाजवून दाखवत. फी नाही, हजेरी नाही. पुढे 'बीबॉप' नावाने जॅझमध्ये जी क्रांती झाली, तिचे नायक म्हणून या मुलांची नावं जगभर झाली. बाईंचं नाव मागेच राहिलं.

१९५४ मध्ये पॅरिसला असताना त्यांनी वादन सोडलं. प्रार्थनेत आणि व्यसनात अडकलेल्या वादकांना सावरण्यात तीन वर्षं घालवली. १९५७ मध्ये त्या मंचावर परतल्या. त्या वादकांच्या मदतीसाठी त्यांनी जुन्या वस्तूंचं दुकानसुद्धा चालवलं. १९७७ पासून ड्यूक विद्यापीठात त्या जॅझ शिकवू लागल्या. जॅझचा इतिहास त्या झाडाच्या चित्रावरून समजावत. त्या झाडाच्या मुळाशी गुलामगिरीतलं दुःख होतं. २८ मे १९८१ रोजी, त्या नोकरीत असतानाच, त्यांचं निधन झालं.

हे वाचताना मला आपल्या संगीताच्या बाई आठवल्या. त्यांच्या तासाला मागच्या बाकावर आम्ही गणिताचा गृहपाठ उरकायचो. त्यांना ते दिसत होतं, पण त्यांनी कधी वही हिसकावली नाही. आपलं स्वागतगीत आपल्याला आजही पाठ आहे. त्याची चाल बाईंनीच बांधलेली. परवा जुन्या कागदांत दहावीच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका सापडली. तिच्यात कवीचं नाव आहे, गाणाऱ्या मुलींची आहेत, तबला वाजवणाऱ्या मित्राचंही आहे. बाईंचं नाही. पत्रिकेतलं अक्षर माझं आहे. सायक्लोस्टाइलसाठी ती मीच लिहिली होती.

यंदाच्या संमेलनात तेच गीत होणार आहे. या वेळी पत्रिकेत 'संगीत' या शब्दापुढे बाईंचं नाव छापायचं, असं समितीने माझ्या विनंतीवरून ठरवलं आहे. बाई येणार आहेत. चाळीस वर्षांचा उशीर एका ओळीने भरून निघत नाही, हे मला कळतं. त्यांच्या पाया पडताना गृहपाठाचंही कबूल करणार आहे.