चित्रपटाची शंभरी आणि इंटरनेटचे पहिले पाऊल

१/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आरंभी केंद्रे चारच: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. औरंगाबादलगतचे हर्सूल त्या नकाशापासून फार दूर होते.

२/ त्याच वर्षी २८ डिसेंबरला जगाने चित्रपटाची शताब्दी साजरी केली. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधील खेळ अवघ्या सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचला होता. मात्र दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी झळकण्यास आणखी सतरा वर्षे लागली.

३/ इंटरनेटने ही मजल आठ वर्षांत गाठली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. २०१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ची शताब्दी आली, तेव्हा फाळक्यांचे चरित्र हर्सूलमध्ये बसूनही मराठीत वाचता येत होते.

४/ तथापि, जे वेगाने पसरते ते टिकतेच असे नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले आणि तेथील मराठी गप्पाही हळूहळू लोपल्या. चित्रफिती झिजण्यास दशके लागतात. संकेतस्थळ मिटण्यास एक निर्णय पुरतो. म्हणून पुढच्या शताब्दीची साधने आजच जपावी लागतील.