धावपटूंची गुडघेदुखी : कारणे व उपाय

अमरावती येथे १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे वऱ्हाडात व्यायामाची जुनी परंपरा आहे. आज अमरावती व अकोल्याच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्यांत पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारे युवक-युवती मोठ्या संख्येने दिसतात. २०२२ पासूनच्या पोलीस शिपाई भरतीच्या नियमांनुसार शारीरिक चाचणीच्या ५० पैकी २० गुण पुरुषांसाठी १६०० मीटर, तर महिलांसाठी ८०० मीटर धावण्यास आहेत. त्यामुळे ऐन चाचणीच्या तोंडावर गुडघा दुखू लागल्यास नोकरीची संधीच धोक्यात येते.

दुखणे कोठे आहे?
गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीमागे दुखणे, जिना उतरताना, उकिडवे बसताना अथवा फार वेळ बसून राहिल्यावर ते वाढणे, ही धावपटूंतील सर्वांत नेहमीची तक्रार होय. बाहेरील बाजूची वेदना बहुधा मांडीच्या बाहेरून येणाऱ्या पट्ट्यावरील ताणामुळे होते. चिखलदऱ्याच्या घाटासारख्या उतारावर धावताना ती अधिक जाणवते. वाटीच्या खालची वेदना कंडरेवरील ताणाची असू शकते.

कारण काय?
धावण्याने गुडघे झिजतात, हा समज चुकीचा आहे. हौशी धावपटूंत गुडघ्याची झीज बैठे जीवन जगणाऱ्यांपेक्षा अधिक आढळत नाही. खरे कारण बहुधा अचानक वाढवलेला भार हे असते. भरतीची जाहिरात निघताच रोज धावणे, त्यातच वेगाचा सराव व शेकडो बैठका सुरू करणे गुडघ्यास झेपत नाही. मांडी व नितंबाचे स्नायू दुबळे असतील, तर हा ताण अधिकच वाढतो.

उपाय
पूर्ण विश्रांतीची गरज सहसा नसते. काही आठवडे अंतर व वेग कमी करावा, उतार टाळावेत आणि एक दिवसाआड धावावे. धावताना होणारी वेदना सौम्य असून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमत असेल, तर सराव चालू ठेवण्यास हरकत नाही. पावले किंचित आखूड व जलद टाकल्यास गुडघ्यावरील भार घटतो.

पूर्ण बैठकांऐवजी तूर्त अर्ध्या बैठका काढाव्यात. पायरीवर सावकाश चढ-उतार करणे आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, हे व्यायाम आठवड्यातून तीन वेळा करावेत. त्यांचा गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणून तयारी जाहिरातीपूर्वीच सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. तिने इशारा दडपला जातो, दुखापत मात्र वाढते. शिवाय अकोल्याच्या ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांनी मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
गुडघा सुजणे, अडकणे, लचकून दगा देणे, पायावर भार न पेलणे, हाडावर एकाच जागी तीव्र दुखणे, रात्री विश्रांतीतही वेदना असणे किंवा ताप येणे, यांपैकी काहीही आढळल्यास धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा.