पोस्टमनची गाडी घेऊन वाळवंटात

डकार रॅली म्हटलं की आज डोळ्यांपुढे काय येतं? कोट्यवधींच्या गाड्या, मागे ट्रकभर स्पेअर पार्ट आणि इंजिनीअरांचा ताफा. पण सुरुवातीच्या काळात या रॅलीत मोठ्यामोठ्यांना घाम फोडला तो दोन गॅरेजवाल्या भावांनी. क्लोद आणि बेर्नार मारो. आपल्याकडे त्यांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आज लिहितोय.

थोडं मागे जाऊ. १९७७ मध्ये थिएरी साबीन नावाचा फ्रेंच मोटारसायकलस्वार एका रॅलीत लिबियाच्या वाळवंटात हरवला. मरता मरता वाचला. दुसरा कुणी असता तर कानाला खडा लावला असता, याने त्याच वाळवंटातून रॅली काढायचं ठरवलं. २६ डिसेंबर १९७८ ला ती पॅरिसहून निघाली. अल्जेरिया, नायजर, माली करत सेनेगलमधल्या डकारपर्यंत सुमारे १०,००० किलोमीटर. निघाल्या १८२ गाड्या, पोचल्या ७४.

त्या ७४ मध्ये मारो बंधूंची रेनो ४ होती. ही गाडी १९६१ ची. फ्रान्समधल्या शेतकऱ्याची, पोस्टमनची, साध्या माणसाची. सिनपार कंपनी तिला चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा बसवून द्यायची, तसली गाडी या भावांनी घेतली. लोक हसले असतील तर नवल नाही.

पण हिशेब पक्का होता. वाळूत जड गाडी रुतते, हलकी तरून जाते. रुतलीच तर दोन माणसं फावड्याने काढू शकतात. आणि यंत्रणा इतकी साधी की बिघाड झाला तर रस्त्यातच हात घालता येतो. शिवाय आफ्रिका त्यांना नवी नव्हती. १९७१ मध्येच त्यांनी केपटाउन ते अल्जिअर्स हे अंतर नऊ दिवसांच्या आत कापलं होतं.

निकाल काय लागला? पहिल्या वर्षी मोटारसायकली आणि मोटारी एकाच यादीत मोजल्या गेल्या. यामाहावरचा सिरिल नेव्हू पहिला. मारो बंधू एकूण पाचवे, आणि फक्त मोटारी धरल्या तर दुसरे! पुढच्या वर्षी, १९८० ला, फोक्सवागन कंपनी आपल्या इल्टिस जीप घेऊन उतरली. पहिले दोन नंबर तिनेच नेले. तिसऱ्या नंबरला पुन्हा रेनो ४. लोक या भावांना ‘वाळवंटातले कोल्हे’ म्हणू लागले. १९८२ मध्ये रेनो २० घेऊन त्यांनी मोटारींचा गट जिंकलाच.

त्यानंतर पैसा आला. १९८४ ला पोर्शे जिंकली, १९८७ ला प्युजो. छोट्या टीमला पहिल्या तिनात यायची वाट अरुंद होत गेली.

या थराराची किंमतही सांगायला हवी. पहिल्याच रॅलीत एक मोटारसायकलस्वार गेला. १९८६ मध्ये मालीत हेलिकॉप्टर कोसळून खुद्द साबीन गेला. १९८८ मध्ये मालीतच रस्ता ओलांडणारी दहा वर्षांची मुलगी रॅलीच्या गाडीखाली गेली. तिने तर या खेळात नावही नोंदवलं नव्हतं. ज्यांच्या गावातून शर्यत जाते, त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता रॅली सौदी अरेबियात होते. तिथे आजही एक गट असा आहे की मोटारसायकलस्वाराला मदतनीस नाही. ८० लिटरची एक पेटी मिळते, तीत मावेल तेवढंच सामान. दिवसभर गाडी चालवायची, रात्री स्वतःच पाना हातात घ्यायचा. मारो बंधूंचा वारसा तिथे टिकून आहे असं मला वाटतं.

भारतीयही मागे नाहीत. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डकारमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला आणि ३६ वा आला. केरळच्या हरिथ नोआने २०२४ ला रॅली-२ गट जिंकला. २०२५ ला पुण्याचे संजय टकले डकार क्लासिकमध्ये मोटार घेऊन गेले.

मुद्दा एवढाच. मारो बंधूंची खरी पुंजी गाडीची नव्हे, गाडी उघडता येणाऱ्या हातांची होती. असे हात आपल्या प्रत्येक तालुक्याच्या स्टँडमागे, काळ्या तेलात माखलेले दिसतात. आपण त्यांना ‘ए मिस्त्री’ म्हणून हाक मारतो आणि बिलात पन्नास रुपये कमी करायला लावतो. पोरगा आयटीआयला मोटार मेकॅनिक करतो म्हणाला, तर घरात सुतक पडल्यासारखं होतं.

तुमच्या गावात असा मिस्त्री असेल तर कमेंटमध्ये त्याच्याबद्दल दोन ओळी लिहा. वाचायला आवडेल.