दार केव्हां उघडावें?

धर्मग्रामाच्या ज्युबिलीची स्मरणिका म्हटली म्हणजे तींत इमारतीचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, धर्मगुरूंची मालिका कशी चालत आली, असा वृत्तांत यावयाचाच. आणि तो येणें योग्यच आहे. परंतु २०२० व २०२१ या दोन सालीं कित्येक महिने आपलीं चर्चें बंद राहिलीं, हाही इतिहासच होय. तीं केव्हां उघडावीं यावरून साऱ्या महाराष्ट्रांत जो वाद माजला, त्याची नोंद कोठें तरी शांतपणें झाली पाहिजे, असें वाटल्यावरून आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे. वाद अगदींच नवा नव्हता. ज्या कायद्याच्या आधारें हीं दारें लागलीं तो कायदा १८९७ सालचा, आणि त्या वेळचें भांडणही याच जातीचें. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगाचा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं. हे मूळचे गोव्याचे, आपल्याच धर्माचे गृहस्थ. पुढें ते मुंबई कार्पोरेशनचे अध्यक्ष झाले व मुंबईनें त्यांचा पुतळाही उभारला. रोग ओळखला गेला, पण त्यावर औषध कोणापाशींच नव्हतें. सत्ता मात्र सरकारापाशीं होती. ६ आक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं हुकूम काढला कीं, रोग्यास लागल्यास सक्तीनें इस्पितळांत न्यावें. त्या काळीं इस्पितळ म्हणजे जिवंत माणूस परत न येण्याची जागा, अशी गोरगरिबांची समजूत होती, आणि प्लेगाच्या बाबतींत ती फारशी खोटीही नव्हती. २९ आक्टोबरला सुमारें एक हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशीं स्नोसाहेबांनीं सक्ती सैल केली: ज्याच्या घरीं रोग्यास वेगळें ठेवण्याची सोय असेल, त्यास हलवूं नये. ही सवलत न्यायबुद्धीनें दिली असें मात्र वाचकांनीं समजूं नये. रस्ते व मोऱ्या साफ करणारे लोक भयानें शहर सोडून गेले, तर मुंबईंत राहणेंच अशक्य होईल, ही धास्ती त्यांस पडली होती.

पुढें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. परंतु त्यानें सरकारच्या हातीं आलेला अधिकार अमर्याद होता. घरांची झडती, रोग्यांस अलग ठेवणें, आगगाडीच्या उतारूंची तपासणी, हें सर्व त्यांत बसत होतें. आपला वर्धा जिल्हा त्या वेळीं मुंबई इलाख्यांत नसून मध्यप्रांतांत होता. तथापि मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग वर्ध्यावरूनच जातो, तेव्हां मुंबईस जें घडे त्याची वार्ता, आणि त्याची भीतिही, गाडीबरोबरच इकडे येत असली पाहिजे.

पुण्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांतच सांगतों. १३ मार्च ते १९ मे १८९७ पर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेत होत्या. त्यांच्यावर रँडसाहेबांचा अंमल होता. २२ जूनच्या रात्रीं रँड व एयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या. एयर्स्ट तत्काळ मेले व रँड ३ जुलैला. 'केसरी'नें या झडत्यांवर कोरडे ओढले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. परंतु येथें एक गोष्ट बहुधा विसरली जाते. रोग्यास वेगळें ठेवावें, या तत्त्वास टिळकांचा विरोध नव्हता. पुण्यांत हिंदूंसाठीं प्लेगाचें वेगळें इस्पितळ निघालें त्यांत त्यांचा पुढाकार होता. त्यांचें भांडण उपायाशीं नव्हतें, उपाय करणाऱ्याच्या रीतीशीं होतें. आणि त्याच मार्च महिन्याच्या १० तारखेस सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें निवर्तल्या. दोन पक्ष भांडत असतां रोग्याजवळ बसणारें तिसरें माणूस इतिहासांत नेहमींच थोडें मागें राहतें.

९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत पुन्हां दंगा झाला. प्लेगाचे तपासनीस एका विणकर मुसलमान कुटुंबांतील मुलीस तपासावयास गेले, त्यावरून तो उसळला. यानंतर मात्र सरकारनें धोरण बदललें. जुलूम उणा झाला, निरनिराळ्या जातिधर्मांच्या इस्पितळांस उत्तेजन मिळालें, आणि लोकांतील पुढाऱ्यांस हाताशीं धरून काम होऊं लागलें. प्लेग त्यामुळें गेला नाहीं; तो पुढें अनेक वर्षें राहिला. पण रोगी लपवून ठेवण्याचें जें कारण सरकारानेंच निर्माण केलें होतें, तें पुष्कळसें दूर झालें.

आतां आपल्या काळाकडे वळूं. १३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें तोच १८९७ चा कायदा करोनाच्या साथीसाठीं लागू केला, आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदींत गेला. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १० ला उत्तम शुक्रवार, १२ ला पुनरुत्थानाचा सण. तिन्ही दिवशीं चर्चचीं दारें बंद. धर्मगुरु रिकाम्या बांकांपुढें मिस्सा करीत व लोक घरीं लहानशा पडद्यावर तो पाहत. प्रेतयात्रेस वीसांहून अधिक माणसांस परवानगी नव्हती. घरचीं माणसें, शववाहक व धर्मगुरु मिळून वीस होत. मग शेजाऱ्यांनीं दारांत उभें राहूनच क्रुसाची खूण करावी. ज्यांनीं त्या वर्षीं आईबाप पुरले, त्यांच्या मनांतून ती उणीव गेलेली नाहीं.

या बंदीला आरंभीं कोणीं विरोध केला नाहीं. ३० एप्रिलच्या सरकारी यादींत महाराष्ट्राचे सहा जिल्हे हिरव्या पट्ट्यांत होते, त्यांत वर्धा एक होता; आणि आम्हां वर्धेकरांस त्याचा थोडा अभिमानही वाटूं लागला होता. तो मे महिन्यांतच गळाला. पुढें सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय व सावंगीचें रुग्णालय रोग्यांनीं भरलीं, तेव्हां हिरव्या रंगाची भाषा कोणीं काढली नाहीं.

वाद उद्भवला तो पुढें. केंद्र सरकारनें ८ जूनपासून प्रार्थनास्थळें उघडण्यास मोकळीक दिली. महाराष्ट्र सरकारनें दिली नाहीं. राज्यांत रोगी सर्वांत अधिक होते, हें त्याचें कारण, आणि तें वजनदार होतें. १ जुलैच्या आषाढीस पंढरपुरास वारी पायीं गेली नाहीं. संतांच्या पादुका एसटीच्या गाडींतून नेण्यांत आल्या. शतकांची चाल वारकऱ्यांनीं मोडली ती कुरकुर न करतां, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. परंतु एकीकडे बाजार, कचेऱ्या, कारखाने क्रमानें उघडत गेले, आणि देवळें, मशिदी, चर्चें, गुरुद्वारे मात्र तसेच राहिले. आगस्टांत पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठीं मुंबईच्या तीन जैन मंदिरांस सर्वोच्च न्यायालयानें परवानगी दिली. त्या वेळीं सरन्यायाधीश शरद बोबडे होते, आपल्या शेजारच्या नागपूरचे. जेथें पैशाचा संबंध आहे तेथें धोका पत्करावयाचा, आणि धर्माचा संबंध आला कीं साथ आठवावयाची, हें विचित्र आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. २९ आगस्टला भारतीय जनता पक्षानें मंदिरांपुढें घंटानाद केला. ३१ ला प्रकाश आंबेडकर यांनीं पंढरपुरांत विठ्ठल मंदिरासाठीं आंदोलन केलें. औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांनींही मंदिरें व मशिदी उघडण्याची हांक दिली. एरवीं एका सतरंजीवर न बसणारे हे पक्ष एकाच दारापाशीं येऊन उभे राहिले!

५ आक्टोबरला उपाहारगृहें व मद्यगृहें निम्म्या गिऱ्हाइकांनिशीं उघडलीं, तेव्हां तर बोलणाऱ्यांस आयतेंच शस्त्र मिळालें. १२ आक्टोबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनीं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांस पत्र लिहून मद्यगृहें खुलीं व देव कुलुपांत, याचा जाब विचारला, आणि आपण एकाएकीं सेक्युलर झालांत काय, असा टोमणाही मारला. मुख्यमंत्र्यांनीं दुसऱ्या दिवशीं उत्तर दिलें कीं, आपल्या हिंदुत्वास कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाहीं, आणि ज्या राज्यघटनेची शपथ राज्यपालांनीं घेतली तिच्यांत हें तत्त्व नाहीं काय? शरद पवारांनीं राज्यपालांच्या भाषेविषयीं पंतप्रधानांस लिहिलें. पत्रें चांगलीं झणझणीत होतीं. पण कोणत्या गांवांत किती रोगी, किती खाटा, देवळांत एका वेळीं किती माणसें मावतील, याची चर्चा त्यांतून फारशी झाली नाहीं. (मद्यगृहांचा दाखला आमच्या जिल्ह्यास लागू नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. गांधीजींच्या वास्तव्यामुळें वर्धा जिल्ह्यांत अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे. निदान कागदावर तरी आहे.)

आमच्या ख्रिस्ती मंडळींतही तेव्हां दोन मतें होतीं, तीं लपविण्याचें कारण नाहीं. एक पक्ष म्हणे कीं, मिस्साबलिदान ही चैनीची वस्तु नव्हे. किराणा जर जीवनावश्यक, तर परमप्रसाद का नसावा? दुसरा म्हणे कीं, शेजाऱ्याचा जीव सांभाळणें हीही उपासनाच. दोघेही संत चार्ल्स बोरोमेओ यांचा दाखला देत, आणि गंमत अशी कीं दोघांसही तो मिळे. १५७६ च्या प्लेगांत मिलानच्या या आर्चबिशपांनीं गळ्यांत दोर बांधून अनवाणी मिरवणुका काढल्या. आणि त्याच वर्षीं शहर घरांत कोंडलें गेलें तेव्हां रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारून, लोकांनीं खिडक्यांतून मिस्सा पाहावा अशी व्यवस्था केली. लोकांनीं घराबाहेर न येतां उपासना चालावी, हा मार्ग त्यांनीं साडेचारशें वर्षांपूर्वींच काढला होता.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर असें कीं, एप्रिलची बंदी योग्य होती आणि आक्टोबरची रीत अयोग्य होती. दार बंद ठेवण्यांत अन्याय नव्हता. अन्याय होता तो उघडण्याच्या क्रमांत, आणि त्या क्रमाचें कारण लोकांस नीट न सांगण्यांत. पण उघडण्याची मागणी करणाऱ्यांसही एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. अंतर राखण्याची, वेळा वांटून देण्याची, वृद्धांस घरीं थांबवून त्यांच्याकडे जाण्याची जबाबदारी त्यांतील किती जणांनीं आपल्या अंगावर घेऊं केली? घंटा वाजवणें सोपें होतें, दारांत उभें राहून माणसें मोजणें कठीण. टिळकांनीं टीकेबरोबर इस्पितळही चालविलें. त्या मानानें २०२० सालचे आंदोलक अर्ध्याच वाटेनें गेले.

दार उघडण्याचा आणखी एक अर्थ वर्ध्यास पूर्वींपासून ठाऊक आहे. १९२८ सालीं जमनालाल बजाज यांनीं येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें केलें. तें दार कांहींना उघडें व कांहींना बंद होतें. म्हणून तेथें एक दिवसही थांबणें पाप होतें. २०२० चें दार सर्वांस सारखेंच बंद होतें. हा भेद ध्यानांत न ठेवतां दोन्ही प्रसंगांस एकच शब्द लावणारीं भाषणें त्या दिवसांत पुष्कळ झालीं, तीं आम्हांस रुचलीं नाहींत.

१६ नोव्हेंबर २०२० रोजीं, बलिप्रतिपदेस, सर्व धर्मांचीं प्रार्थनास्थळें उघडलीं. नाताळच्या मिस्सास पन्नासांची मर्यादा होती. वाद मिटला असें वाटतें न वाटतें तोंच फेब्रुवारी २०२१ मध्यें साथ पुन्हां उसळली, ती प्रथम आमच्याच वऱ्हाड-विदर्भाकडे. अमरावती, यवतमाळ व वर्धा येथें संचारबंदी आली. देवळें उघडल्यामुळेंच हें झालें असें म्हणणारे भेटले. परंतु देवळें उघडल्यावर तीन महिने बहुतेक शांततेंत गेले होते, आणि विषाणूचीं नवीं रूपें निर्माण होत होतीं, हें ते विसरत. ४ एप्रिल २०२१ ला पुनरुत्थानाचा रविवार होता. त्याच दिवशीं मंत्रिमंडळानें नवे निर्बंध जाहीर केले, आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं दारें पुन्हां लागलीं. या वेळीं घंटानाद करणाऱ्यांचा आवाज पुष्कळ दिवस ऐकूं आला नाहीं. घरोघर रोगी होते आणि प्राणवायूची नळकांडीं शोधण्यांत लोक गुंतले होते.

७ आक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेस, तीं दुसऱ्यांदा उघडलीं. राहिलेले निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले, आणि १० एप्रिलच्या रविवारीं, तीन वर्षांनंतर प्रथमच, झावळ्या हातीं घेऊन मिरवणूक बाहेर रस्त्यावर निघाली.