धुराचे कोठार

अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतावर ज्या काळी इंग्लंडच्या राजाचा अंमल होता, त्या काळच्या सधन जमीनदाराच्या वाड्यामागे स्वयंपाकघर, दुग्धशाळा, धोबीघर अशा सुट्या सुट्या इमारतींची जी रांग असे, तीत खिडकी नसलेली, धुराडे नसलेली, चौरस बैठकीची व उंच निमुळत्या छपराची एक लाकडी खोली हटकून आढळे. डुकराचे मांस मिठात मुरवून धुरावर टांगण्याची ती जागा होय. विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीत अशा काही खोल्या अद्यापि उभ्या आहेत, आणि त्यांच्या बांधणीवरून तत्कालीन गृहव्यवस्थेचे जे ज्ञान होते, ते दिवाणखान्यातील रुप्याच्या भांड्यांवरून क्वचितच व्हावे.

धुराची विद्या या भूमीला नवी नव्हती. १६०७ साली इंग्रजांनी जेम्सटाऊन वसविले, त्यापूर्वीपासून तेथील पोव्हाटन लोक मासे व हरणाचे मांस लाकडी माचीवर धुरात सुकवीत. डुकरे मात्र इंग्रजांनी जहाजांतून आणली. काम थंडीचे होते. डिसेंबर-जानेवारीत जनावरे मारून मांड्या कित्येक आठवडे मिठात ठेवीत, आणि मग त्या खोलीतील तुळयांना टांगीत. खाली मातीच्या जमिनीत मधोमध एक खळगा असे. त्यात हिकरी नावाच्या झाडाची ओली लाकडे धुमसत ठेवावयाची, जाळ म्हणून होऊ द्यावयाचा नाही, कारण मांस शिजले की सारा खटाटोप व्यर्थ. छप्पर उंच ठेवण्याचे कारण हेच की, धूर वर चढता चढता निवावा. आणि धुराडे टाळण्याचे कारण हे की, धुराने घाईने निघून न जाता वळचणीतून व फळ्यांच्या फटींतून रेंगाळत बाहेर पडावे. वस्तुतः मांस टिकते ते मुख्यतः मिठाने. धुरातील द्रव्ये चरबी खवट होऊ देत नाहीत, बुरशीस अटकाव करतात व माश्यांना दूर ठेवतात, आणि चव तर देतातच.

परंतु माझे लक्ष धुरापेक्षा कुलपाकडे अधिक जाते. एखाद्या सरदाराचा जामदारखाना असावा तसा या खोलीचा बंदोबस्त असे: दार एकच, किल्ली यजमानिणीच्या ताब्यात, आणि भिंतीच्या चौकटीतील खांब इतके जवळजवळ उभे केलेले की, रात्री कोणी बाहेरून फळी उचकटलीच, तरी त्याला आत शिरता येऊ नये. चोर म्हणून संशय गुलामांवर असे, हे सांगावयास नकोच. मोठ्या मळ्यांवर डुकरे मारणारे, मीठ चोळणारे व धुनी राखणारे हात बहुधा गुलामांचेच होते. शेजारच्या मेरीलँडमध्ये गुलामगिरीत वाढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात प्रौढ गुलामाच्या शिध्याचा शिरस्ता नमूद केला आहे: महिन्याला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तितक्या मोलाचे मासे, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. इकडे जॉर्ज वॉशिंग्टन १७८६ साली आपला मित्र लाफायेत यास लिहितात की, आपल्या पत्नीने व्हर्जिनियाच्या मांड्यांचे एक पिंप त्याच्यासाठी पाठविले आहे, व येथील स्त्रियांना आपल्या या कसबाचा मोठा अभिमान वाटतो. अभिमान यथार्थ असेल. कसब नेमके कोणाचे, एवढाच प्रश्न उरतो.

या कोठाराची खरी किंमत अमेरिकेच्या यादवी युद्धात कळली. १८६१ नंतर उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तेव्हा मिठाचा असा दुष्काळ पडला की, लोकांनी या खोल्यांची जमीन खणली, वर्षानुवर्षे मांसातून ठिबकलेल्या खारट पाण्याने भिजलेली ती माती पाण्यात कालवून गाळली, आणि ते पाणी आटवून मळकट मीठ पुन्हा हाती घेतले. सॉल्टव्हिल येथील मिठागरांसाठी तर १८६४ मध्ये लढाया झाल्या, आणि डिसेंबरात उत्तरेच्या फौजेने ती उद्ध्वस्त केली.

घरगुती गरजेचे हे कसब व्यापारात मात्र फार पूर्वीच शिरले होते. स्मिथफील्ड गावच्या मॅलरी टॉड नामक व्यापाऱ्याने १७७९ साली वेस्ट इंडीज बेटांकडे मांड्या रवाना केल्याची नोंद आहे. पुढे त्या गावाचे नाव इतके वधारले की, १९२६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदाच केला: भुईमुगाच्या पट्ट्यात भुईमूग खाऊन वाढलेल्या डुकरांच्या आणि स्मिथफील्डच्या हद्दीत मुरवून धुरावलेल्या मांड्यांनाच ते नाव लावता यावे. कालांतराने भुईमुगाची अट गळाली. गावाच्या हद्दीची राहिली.