बाण टेकतो कुठे? तापीकाठच्या तिरकमठ्यापासून आजच्या धनुष्यापर्यंत

गणेशोत्सवाच्या देखाव्यात धनुष्य हमखास असते. कधी सीतास्वयंवरातले, कधी अर्जुनाच्या हातातले. धनुष्याची कमान डौलदार असते, दोरी ताणलेली असते, बाणाचे टोक चमकत असते. पण बाणाचा पुढचा भाग नेमका कशावर टेकला आहे, हे आपण कधी पाहत नाही. मागचे टोक दोरीवर असते, हे खरे. पुढचे मात्र हवेत राहू शकत नाही. त्याला टेकू हवाच.

आज या टेकूला ‘ॲरो रेस्ट’ म्हणतात. अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे लोक धनुष्य घेतल्यावर पुढचा विचार याच गोष्टीचा करतात. रेस्ट कोणता घ्यावा, पडणारा की धरून ठेवणारा, यावर तिथे तासन्‌तास चर्चा चालते. हा विषय परक्या मुलखातला वाटेल. पण त्याचा इतिहास शोधू लागलो की वाट आपल्या तापीखोऱ्यातूनच जाते.

कोसाडला राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची मुळे खानदेशात आहेत. वाडवडील ताप्ती लाइनने सुरतेस आले. त्या गाडीच्या खिडकीतून नंदुरबार, नवापूर, सोनगढ, व्यारा ही ठाणी मागे पडत जातात. हा सारा पट्टा आणि दक्षिणेचा डांग म्हणजे भिल्ल, कोकणा, वारली, गामीत अशा आदिवासी समाजांचा मुलूख. येथे तिरकमठा घराघरात होता. ‘भिल्ल’ हे नावच धनुष्यवाचक द्राविडी ‘बिल्ल’ किंवा ‘विल्ल’ या शब्दावरून आले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

भिल्लांचा कमठा अगदी साधा. कमान बांबूची. जुन्या वर्णनांत दोरीही बांबूच्या चिवट सालीची सांगितली आहे. बाणाला पक्ष्याची पिसे आणि पुढे लोखंडी पाते. मासे मारायचा बाण निराळा. या कमठ्यावर बाणासाठी खाच नाही, फळी नाही, खिळा नाही. मग बाण टेकतो कुठे? कमठा धरलेल्या मुठीवर. म्हणजे माणसाचा हात हाच पहिला ॲरो रेस्ट.

हे ऐकायला सोपे वाटते, करायला कठीण आहे. मूठ दरवेळी त्याच जागी धरावी लागते. ती थोडी खाली-वर झाली, तर बाण तेवढाच खाली-वर जातो. पिसाची कडा बोटावरून घासत जाते आणि कातडी सोलवटते. अशा टेकूवरून उडता पक्षी पाडणाऱ्याच्या हाताला किती सवय असेल, याचा अंदाज करावा. आज जे काम पितळेचा स्क्रू आणि स्प्रिंग करतात, ते तेव्हा लहानपणापासूनचा सराव करत असे.

आता दुसरी परंपरा पाहू. मोगल, तुर्क, इराणी यांचे धनुष्य लहान, शिंग, लाकूड आणि स्नायू एकत्र चिकटवून केलेले. त्याची दोरी बोटांनी नव्हे, अंगठ्याने ओढत. अंगठ्याला इजा होऊ नये म्हणून हाडाची, दगडाची किंवा धातूची अंगठी घालत. उजव्या हाताने ओढणारा असला, तर बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला येई आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेके. आपल्या इतिहासात या धनुष्याची एक जखम आहे. १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे पडले ते दिलेरखानाच्या बाणाने, असे सभासद बखर सांगते.

या अंगठ्याच्या धनुर्विद्येने मराठीला एक शब्दही दिला. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, तिरंदाजाची अंगठी आणि नेम. आपल्या ‘शिस्त’ या शब्दाचा जुना अर्थ नेम हाच आहे. बंदुकीची शिस्त धरणे असे आपले पूर्वज म्हणत. आज शाळेत ज्या शिस्तीबद्दल मुलांना बोलणी बसतात, तिच्या मागे तिरंदाजाचा अंगठा उभा आहे. फारसीतला आणखी एक शब्द ‘नावक’. आखूड बाण मोठ्या धनुष्यातून सोडायचा असला, तर तो हातात धरलेल्या पन्हळीतून सोडत. ती पन्हळ म्हणजे नावक. बाणाला वाट दाखवणारा वेगळा टेकू असावा, ही कल्पना इतकी जुनी आहे.

अंगठ्याचा विषय निघाला की एकलव्य आठवतोच. महाभारताच्या आदिपर्वात निषादपुत्र एकलव्याने द्रोणांना उजव्या हाताचा अंगठा कापून दिला. आपण कथा तेथे संपवतो. पण मूळ ग्रंथ पुढे सांगतो, की एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला. मात्र पूर्वीची त्वरा राहिली नाही. याचा अर्थ त्या काळच्या धनुर्विद्येत अंगठा मोलाचा होता. भिल्ल लोक आजही अंगठा न लावता दोन बोटांनी दोरी ओढतात आणि ते एकलव्याच्या आठवणीसाठी, असे परंपरेने सांगितले जाते.

आता गंमत पाहा. आज ऑलिंपिकमध्ये खेळणारा धनुर्धर दोरी ओढतो ती तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी. अंगठा नुसता बाजूला असतो. बोटांनी ओढल्यावर बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला राहतो, म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या अशा धनुष्यावर रेस्टही डाव्या अंगालाच बसवलेला असतो. ज्या पद्धतीला द्रोणांच्या काळी उणी मानले, तिच्याच सोयीने हे धनुष्य घडले आहे. आजच्या मैदानावर एकलव्याचे काहीही अडले नसते.

मग मुठीवरचा बाण रेस्टवर केव्हा आला? त्यासाठी थोडे अमेरिकेत जावे लागेल. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ इशी नावाचा एक माणूस एकटाच जंगलातून बाहेर आला. याही या आदिवासी जमातीचा तो शेवटचा माणूस मानला जातो; बाकीचे कत्तलीत आणि उपासमारीत संपले होते. त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवले गेले. तेथे सॅक्स्टन पोप या डॉक्टरांशी त्याची मैत्री झाली. इशीने त्यांना धनुष्य करायला, बाण घडवायला आणि शिकार करायला शिकवले. १९१६ साली इशी क्षयाने वारला. १९२३ साली पोप यांनी धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत या छंदाला नवा बहर आला. आज तेथे जो मोठा बाजार उभा आहे, त्याच्या मुळाशी एका आदिवासी माणसाचा हात आहे.

पुढे विज्ञान आले. बाण नेम धरलेल्या दिशेलाच जातो, पण तो तर धनुष्याच्या दांड्याच्या बाजूने सोडलेला असतो. मग तो वाकडा का जात नाही? १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने याचे चित्रण केले. त्यात दिसले, की सुटताना बाण वेतासारखा वाकतो, दांड्याला वळसा घालतो आणि पुढे डोलत डोलत सरळ होतो. बाण फार ताठ असला तर एकीकडे जातो, फार लवचीक असला तर दुसरीकडे. हातात बाण वाकवून तो आपल्या कमठ्याला चालेल की नाही, हे ठरवणारा कारागीर हेच गणित बोटांनी करत होता.

हे कळल्यावर धनुष्याची मूठ मधोमध कापून बाणाला मध्यरेषेजवळ जागा देण्यात आली. त्या जागेवर आधी चामड्याचा किंवा लोकरीचा तुकडा चिकटवत. मग तारेचा बारीक टेकू आला. त्याच्या जोडीला स्प्रिंगवर चालणारे छोटे बटण आले. ते बाणाचा बाजूचा दाब सोसते. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह धनुष्यावर आजही हीच जोडी असते. १९६६ साली मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी चाके लावलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ साली ते मिळाले. हेच कंपाउंड धनुष्य. त्याच्या चाकांमुळे पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार खूप कमी होतो, आणि दोरी बोटांऐवजी चापाच्या यंत्राने सोडतात. त्यामुळे बाणाचे बाजूला वाकणे बरेच कमी झाले आणि रेस्टचे काम बदलले.

कंपाउंडसाठी मुख्यत्वे तीन तऱ्हेचे रेस्ट असतात. पहिला स्टीलच्या पातळ पात्याचा. बाण त्या पात्याच्या टोकावर असतो. नेमबाजीच्या मैदानावर तो उत्तम; पण हात कलला तर बाण खाली पडतो. दुसरा केसाळ कड्याचा. गोल कड्यात ताठ केस दाटीने बसवलेले आणि मधे बाणाएवढे भोक. झाडावर चढा, ओणवे व्हा, बाण सुटत नाही. त्यात हलणारा भाग नाही, म्हणून बिघडायला काही नाही. मात्र पिसे केसांतून घासत जातात, ती लवकर झिजतात आणि वेग किंचित घटतो. तिसरा पडणारा रेस्ट. दोरी ओढली की तो वर येतो, बाण सुटला की झटकन खाली पडतो आणि पिसांना वाट मोकळी करतो. अचूकता सर्वांत चांगली, पण दोरा, स्प्रिंग आणि वेळ जुळलेली हवी. थोडा उशिरा पडला तरी पिसे आदळतात.

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न असा विचारावा, की धनुष्य कुठे वापरायचे आहे? रानात चालणारा शिकारी बाण न पडण्याला आणि आवाज न होण्याला महत्त्व देतो. रेस्टवर मऊ फेल्टही चिकटवतो. मैदानावरचा खेळाडू अचूकतेला. सर्वांना चालेल असा एक रेस्ट नाही.

आपल्या देशात यातला शिकारीचा भाग बंद झाला आहे, आणि ते योग्यच आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांनी शिकारीची दारे लावली. पण त्याआधीचा इतिहास विसरता येत नाही. १८२५ साली इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारली. धरणगावी जेम्स आउट्रमने तिची बांधणी केली. ज्या हातांत तिरकमठा होता त्यांत बंदूक दिली. १८४२ साली डांगची जंगले डांगी राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आदिवासींचे वावरणे, तोडणे, मारणे हे गुन्हे ठरत गेले. त्याच जंगलात साहेब लोक आणि संस्थानिक हौसेने वाघ मारत राहिले. वाघ उरले नाहीत, त्याचा हिशेब मात्र कमठेवाल्याकडे मागितला गेला. कायदा असावा, पण नुकसान कोणी केले हेही नीट लिहिले जावे.

कला मात्र वाचली, ती मैदानावर. १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी भागांत धनुर्धर शोधायला सुरुवात केली. उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम हा बांबूच्या धनुष्याने शिकार करणारा मुलगा १९८७ च्या निवडीत सापडला. १९९१ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने ३० मीटरवर जागतिक विक्रमाची बरोबरी केली. मुठीवर बाण ठेवणाऱ्या हाताला तारेचा रेस्ट परका वाटला असेल, पण नेम तोच होता.

आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट २०२३ ची. ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची आदिती स्वामी, वय अवघे सतरा, जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचे विजेतेपद जिंकले. पुढे हांगचौच्या आशियाई खेळांत ओजसने तीन सुवर्णपदके आणली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच असणार आहे. साताऱ्याच्या, नागपूरच्या मुलांना ते दार आता उघडले आहे; सुरतेच्या मुलांनाही ते बंद नाही.

आपल्या घरातले एखादे मूल या खेळाकडे वळले, तर पालकांनी एक ध्यानात ठेवावे. कंपाउंड धनुष्य आणि त्याचे सामान महाग असते. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा साध्या धनुष्याचा वेगळा गट आहे. सुरुवात त्यावर करावी. उभे राहणे, खांदा, श्वास, मूठ हे पक्के झाले की प्रशिक्षक सांगतील तो रेस्ट घ्यावा. आधी महागडा रेस्ट घेतला म्हणून डळमळती मूठ स्थिर होत नाही.

सोनगढच्या किंवा आहव्याच्या बाजारात कुणा म्हाताऱ्या भिल्लाच्या खांद्यावर कमठा दिसला, तर मुलांना सोबत घेऊन त्याला विचारावे, “बाबा, बाण कसा धरता?” तो मूठ उघडून दाखवील. तर्जनीच्या सांध्यावर जुना घट्टा असेल. दुकानातल्या प्रत्येक रेस्टची सुरुवात त्या जागेपासून झाली आहे, हे मुलांनी तेथेच पाहिलेले बरे.