दप्तराची निवड

घरांतील लहानशा लॅपटॉपची साठवण भरली आणि ‘जागा शिल्लक नाहीं’ अशी सूचना पडद्यावर उमटली, म्हणजे आपण हाताला लागेल तें पुसावयास बसतों. प्रसंग नवा खरा. प्रश्न मात्र जुना आहे. काय राखावें व काय टाकावें, हा पेंच प्रत्येक दप्तरदारापुढें उभा राहिला आहे.

पुण्याचें पेशवे दप्तर पाहा. १८१८ सालीं राज्य गेलें आणि मोडी कागद इंग्रजांच्या हातीं आले. कापडांत बांधलेल्या गठ्ठ्यास रुमाल म्हणतात. असे तीस हजारांहून अधिक रुमाल तेथें आहेत. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मूळ रुमाल राहिले, म्हणूनच पुढील अभ्यासकांस निराळी निवड करतां आली.

आमच्या करवीरचें उदाहरण याहून बोलकें आहे. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबार संपला, पण दप्तर उरलें; येथील पुराभिलेखागारांत तें आज अभ्यासकांस पाहावयास मिळतें. २६ जुलै १९०२ रोजीं शाहू छत्रपतींनीं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठीं राखण्याचा हुकूम काढला. तो अवघ्या कांहीं ओळींचा आहे. कागदाचें मोल त्यानें अडविलेल्या जागेवरून ठरत नाहीं, हें यावरून दिसेल.

सरकारी कचेऱ्यांनीं यावर तोड काढली ती वर्गवारीची. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’चे ३० वर्षें, ‘क’चे १० वर्षें आणि ‘ड’चे केवळ एक वर्ष ठेवावयाचे. हीच शिस्त लॅपटॉपला लावावी. तात्पुरत्या फाइली, एकदां वापरलेले स्थापनेचे संच, पाहून झालेले चित्रपट व त्याच छायाचित्राच्या चार चार प्रती हा ‘ड’ वर्ग होय. फाइली आकारानें लावून प्रथम मोठ्या पाहाव्यात, म्हणजे थोड्या श्रमांत पुष्कळ जागा सुटते. मात्र कचरापेटी रिकामी केल्यावांचून ती मोकळी होत नाहीं. तोंवर कागद खोलींतून हलून केवळ दाराआड गेलेला असतो.

वडिलांचीं पत्रें, घराचें खरेदीखत, मुलांचीं छायाचित्रें हा ‘अ’ वर्ग. त्याची प्रत बाहेरच्या तबकडीवर घ्यावी, ती उघडून तपासावी, दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि मगच लॅपटॉपवरील फाइल पुसावी. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्यें पंचगंगेचें पाणी ज्यांच्या घरांत शिरलें, त्यांस एकाच कपाटांतील दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हें सांगावें लागणार नाहीं.

१९५६ सालीं निघालेलें पहिलें तबकडीयंत्र एक टनाहून जड होतें. त्याच्या ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरें मावत. आजच्या २५६ गिगाबाइटच्या लहान साठवणींत त्याच्या पन्नास हजार पट मजकूर राहतो, आणि तरीही ती भरते. जागा कितीही वाढली तरी निवडीचें काम टळत नाहीं. तें आपण शांतपणें न केलें, तर घाईच्या क्षणीं एखादें बोट तें करून टाकील, आणि त्या बोटाला ‘अ’ वर्ग कोणता व ‘ड’ कोणता हें ठाऊक नसेल.